तळं फुटल्यानंतरची माती

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या गावच्या तळ्यात जनावरांची छावणी पडली. तळ्यात म्हणजे अगदी तळ्याच्या पोटात. पाण्याचा टिपूस नव्हता. भेगाळलेली सपाट जमीन, एका कडेला बांधाची सावली आणि गाव हाकेच्या अंतरावर. सहकारी साखर कारखान्यानं चारा आणि पाण्याचे टँकर द्यायचं कबूल केलं, आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरची जनावरं तिथं येऊन उभी राहिली. आमची जनावरं घेऊन मी आणि माझी थोरली जाऊ तिथंच राहायला गेलो. वर उसाच्या पाचटाचं छप्पर, खाली गोणपाट.

थोरल्या जावेला मी आक्का म्हणते. सगळं गावच म्हणतं. माझे थोरले दीर आणि आक्का लग्न झाल्यापासून दरवर्षी ऊसतोडीला जायचे. त्या वर्षी दीर एकटेच टोळीबरोबर गेले, आक्का जनावरांसाठी मागं राहिली. तिचा आवाज असा होता की उसाच्या फडात या टोकाहून हाक मारली तर त्या टोकाची बाई कोयता थांबवायची. हसायला लागली की छावणीतल्या म्हशी माना वर करून बघायच्या. मी दहावी झालेली आणि तोंडाची गरीब. आम्हा दोघींचं चांगलं जमायचं.

छावणीतल्या एकेका बाईच्या जनावरांचं दूध एवढंसं निघायचं की ते न्यायला कुणी गवळी फिरकत नव्हता. एके दिवशी आक्का घागर घेऊन छपराछपरातून फिरली आणि सगळ्यांचं दूध एकत्र केलं. म्हणाली, "एकीचं कुणी इचारीना. समद्यांचं मिळून कसं इचारीत न्हाईत ते बघते." त्यातूनच पुढं बायकांची दूध सोसायटी उभी राहिली. आक्का अध्यक्ष झाली, मी सचिव. शाळेच्या भिंतीला लागून एक खोली मिळाली. तिथं मी दुधाची फॅट तपासायची, आक्का कॅन उचलून टेम्पोत चढवायची.

पुढच्या पावसाळ्यात पाणी बऱ्यापैकी झालं. छावणी उठली. काही शेण लोकांनी बैलगाड्या लावून नेलं, पण पुष्कळसं तिथंच तुडवलं गेलं होतं, वाळून जमिनीसारखंच झालं होतं. त्याच्यावर तळ्याचं पाणी चढलं. सोसायटीनं त्या वर्षी बायकांना सोयाबीनच्या बियाण्याला लावायचं जिवाणू खत वाटलं. कृषी खात्याचे साहेब आले होते. मूठभर माती हातात घेऊन म्हणाले, "ही जिवंत आहे, बायांनो. हिच्यातल्या जिवाणूंच्या जिवावर आपण जेवतो." ते मला फार आवडलं होतं. बियाणं चोळताना मी हाताला लागलेला तो काळा लेप पुन्हा पुन्हा बघत होते.

दसऱ्यानंतर परतीचा पाऊस आला. असा पाऊस आम्ही बघितला नव्हता. दोन दिवस तो थांबलाच नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तळ्याचा बांध एका अंगाला फुटला. बांधावर पाळत ठेवणाऱ्या माणसांनी आरडाओरडा केला म्हणून आम्ही लेकरं आणि म्हातारी माणसं घेऊन शाळेच्या स्लॅबवर चढलो. वरून बघितलं तर पाणी नव्हतंच ते, काळा लगदा होता. तो गल्लीगल्लीतून शिरत, उंबरे गिळत पुढं गेला. माणूस कुणी वाहून गेलं नाही. काही शेळ्या गेल्या, बांधलेली दोन वासरं गेली. दुपारनंतर पाणी ओसरलं आणि गुडघाभर चिखल घराघरात राहिला. त्याला छावणीचा वास होता. वर्षभर ज्या वासात झोपलो होतो, तो ओळखायला वेळ लागला नाही.

मग उपसा सुरू झाला. आरोग्य केंद्राची सिस्टर दुसऱ्याच दिवशी आली. तिनं आडात पावडर टाकली, पाण्यात घालायचं औषध घरोघर दिलं, उकळल्याशिवाय पाणी पिऊ नका म्हणून बजावलं. जखम असेल त्यानं धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, असंही ती सांगत होती. पण आमची सगळ्यांची भीती पाण्याची होती. हगवण लागेल, कावीळ होईल. चिखलाची भीती कुणालाच नव्हती. चिखल म्हणजे आपलीच माती. उलट माणसं म्हणत होती, बरं झालं, तळ्यातला गाळ घरपोच आला, उपसून रानात टाकू. चप्पल चिखलात रुतून बसायची, म्हणून सगळे अनवाणीच राबत होते.

दूध सोसायटीच्या खोलीतली लाकडी मांडणी मोडून चिखलात गाडली गेली होती. आक्का घमेली भरून बाहेर टाकत होती आणि तिचा पाय त्या मोडक्या फळीवर पडला. लाकडाची चांगली बोटभर ढलपी तळपायात शिरली. तिनं भिंतीला टेकून ती ओढून काढली, रक्त पिळलं, हळद दाबली, लुगड्याची चिंधी बांधली आणि पुन्हा घमेलं उचललं.

मी म्हणाले, "आक्का, सिस्टर शाळेत बसलीय. जाऊन या."

"काटा व्हता. निघाला. तिथं रांग हाय, मला इथं खोली रिकामी करायचीय. उद्यापासून दूध कुठं घेणार हाईस, डोक्यावर?"

ती गेली नाही. चार-पाच दिवसांत जखम वरून बुजलीही. थोरले दीर टोळीबरोबर गेले, कारण कारखाने सुरू व्हायचे होते आणि टोळीचा ट्रॅक्टर चिखलासाठी थांबत नाही. जाताना ते आक्काला म्हणाले, "तू येतीस का?" ती म्हणाली, "आता माझा फड हितंच हाय."

त्या आठवड्यात गावातले एक म्हातारे गेले. छावणीत जनावरं राखायला असायचे ते. चिखलात त्यांच्या नडगीला पत्रा लागला होता. मग त्यांचं तोंड मिटलं ते उघडेना, पाठ ताठ झाली, अंग मागं वाकायला लागलं. घरच्यांना वाटलं वारं लागलंय. तेल चोळलं, शेक दिला. तिसऱ्या दिवशी ते संपले. आम्ही दोघी बघायला गेलो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसत होतं. बाहेर आल्यावर आक्का म्हणाली, "म्हातारं हसतच गेलं, बघ." मला ते हसू बरं वाटलं नाही, पण का ते सांगता आलं नसतं.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी मी आक्काकडं गेले. ती चुलीपुढं बसली होती. हातात भाकरीचा तुकडा तसाच होता.

"तोंड उघडंना गं," ती दातातल्या दातात म्हणाली. "दाढ सुजली वाटतं."

मी मिठाचं कोमट पाणी केलं. ते तिला घेता येईना, ओठांतून गळत होतं. ती मान वळवायला गेली तर सगळं अंगच वळलं. पाणी खाली ठेवून मी तिच्याकडं बघितलं, तर ती हसत होती. भुवया वर गेलेल्या, ओठांचे कोपरे मागं ताणलेले.

"काहून हसायलात आक्का?" मी विचारलं.

तिचे डोळे हसत नव्हते. डोळ्यांत पाणी होतं. मला एकदम त्या म्हाताऱ्यांचा चेहरा आठवला.

शेजारची म्हातारी नारायणगडाचा अंगारा घेऊन आली. मी तो आक्काच्या कपाळाला लावला आणि बाहेर पळाले. दुधाचा टेम्पो भरून उभा होता. मी ड्रायव्हरला म्हणाले, "अंबाजोगाईला, मोठ्या दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता." माझ्या नवऱ्यानं आणि त्यानं मिळून आक्काला उचललं, मागं गोणपाटांवर निजवलं. नवरा लेकरांजवळ आणि जनावरांजवळ थांबला. मी तिच्या उशाशी बसले.

पावसानं रस्ता उखडून टाकला होता. टेम्पो आदळला की कॅनची झाकणं खणखणायची, आणि ती खणखणली की आक्काचं अंग धनुष्यासारखं वर उचललं जायचं. डोकं आणि टाचा तेवढ्या खाली. दात आवळलेले. पहिल्यांदा मला वाटलं धक्क्यानं होतंय. मग लक्षात आलं, आवाजानं होतंय. सिरसाळ्याच्या अलीकडं रस्त्याकडेला एक चहाचं हॉटेल होतं. तिथं मी टेम्पो थांबवायला लावला.

"कॅन उतरवा समद्या," मी म्हणाले.

ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, गावाचं दूध हाय. नासंल की."

"नासू द्या."

हॉटेलवाल्यानं काही न विचारता हात लावला. दोघांनी कॅन खाली ठेवल्या, एकही न आपटता. पुढचा रस्ता टेम्पो अगदी बैलगाडीच्या चालीनं गेला. मी माझ्या पदरानं आक्काचे कान झाकून धरले होते.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी बघितल्याबरोबर विचारलं, "जखम कुठं आहे?"

मी म्हणाले, "बरी झाली. काटा व्हता."

त्यांनी तळपाय दाबून बघितला. एक काळा ठिपका होता, बाकी काही नाही. आक्काला झोपेचं औषध देऊन त्यांनी तिथं चिरलं, आणि आतून लाकडाचा तुकडा निघाला, नखाएवढा, भोवती पू. आक्कानं ओढून काढलेली ढलपी सगळी निघालीच नव्हती.

तिला एका कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं. खिडक्यांना काळे पडदे, दार ढकलल्यावर आवाज होऊ नये म्हणून चौकटीला कापडाची घडी. नाकातून नळी. बाहेर पॅसेजमध्ये मॅडमनी मला हळू आवाजात समजावलं. हा धनुर्वात. याचा जंतू मातीत असतो, जनावरांच्या शेणात असतो. वाळला तरी मरत नाही, वर्षानुवर्षं पडून राहतो. हवा न लागणाऱ्या खोल जखमेत शिरला की जागा होतो आणि विष सोडतो.

मी विचारलं, "मॅडम, आमी तर बियाण्याला जिवाणू लावतो. साहेब म्हणले व्हते, मातीतले जिवाणू चांगले असतेत."

त्या माझ्यावर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "खरं आहे ते. बहुतेक चांगलेच असतात. शेतात हाही कुणाचं काही बिघडवत नाही. माणसाच्या अंगात गेला की बिघडतं."

मग मी त्यांना त्या म्हाताऱ्यांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "गावात अजून किती जणांना जखमा आहेत?"

मी म्हणाले, "कुणाला न्हाईत?" मॅडमनी तिथूनच आमच्या आरोग्य केंद्राला फोन लावला, मी नवऱ्याला लावला. त्याला म्हणाले, "घरोघर जा. ज्याला खरचटलंय, टोचलंय, त्याला आज इंजेक्शन द्यायचं. बरी झालेली जखम असली तरी. न्हाई म्हणला तर आक्काचं सांगा." तो तसा कुणाच्या दारात जाऊन बोलणारा माणूस नाही, पण त्या दिवशी गेला. संध्याकाळपर्यंत शाळेत पुन्हा रांग लागली होती. गमबूट नसतील त्यांनी पायाला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून चिखलात उतरायचं, असं सिस्टरनं ठरवून दिलं. आमच्या गावात आणखी कुणाला धनुर्वात झाला नाही. म्हातारे मात्र गेले ते गेलेच. त्यांच्या सुनेला हे कळलं तेव्हा ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "आपण तेल चोळत बसलो."

त्या खोलीत मी किती दिवस बसले ते आता नीट सांगता येत नाही, सगळे दिवस सारखेच होते. बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही, अचानक हात लावायचा नाही. बांगड्यांना मी चिंधी गुंडाळली. आक्का सगळा वेळ शुद्धीवर आहे, हे मला मॅडमनी सांगितलं तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून रडले. झटका येऊन अंग वाकत असताना तिला सगळं कळत होतं, आणि ओरडायला तोंड उघडत नव्हतं. एके दिवशी तिला श्वास घेता येईना. गळ्याला भोक पाडून नळी बसवली. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, आणि आता तिच्या गळ्यातून हवेची बारीक शिट्टी येत होती.

थोरले दीर आले. दोन दिवस प्रवास करून, कपड्यांना उसाची काजळी लागलेली. त्यांचाही आवाज फडातलाच. दारात आले, आक्काला बघितलं, आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून मागच्या मागं पॅसेजमध्ये जाऊन बसले. त्यांना तिथं सोडून मी आत परतले. माणसाला रडताना बघणं तेव्हा मला जमण्यासारखं नव्हतं.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दवाखान्यामागच्या वस्तीत फटाके सुरू झाले. पहिला सुतळी बॉम्ब फुटला आणि आक्का पलंगावरून उचलली गेली. नर्सनं औषध वाढवलं. दुसरा फुटला, पुन्हा तेच. दीर उठून म्हणाले, "मी जातो, बघतो एकेकाला." मी म्हणाले, "तुमी थांबा दादा. तुमी भांडण कराल." आणि मीच गेले.

मागच्या गल्लीत सणाची गर्दी होती. नव्या साड्या, रांगोळ्या, ताटात पणत्या. माझ्या अंगावर आठवडाभराचं लुगडं होतं. बॉम्बची पेटी घेऊन उभ्या असलेल्या एका गृहस्थांसमोर मी हात जोडले.

ते म्हणाले, "ताई, सण आहे. वर्षातून एकदा येतो."

मी म्हणाले, "माझ्या जावंला आवाज चालत न्हाई. त्या खिडकीत हाय ती. आवाज झाला की तिच्या जिवावर येतंय. तुमी फटाके उडवा, पण लांब उडवा."

ते खिडकीच्या काळ्या पडद्याकडं बघत राहिले. त्यांच्या बायकोनं विचारलं, "काय झालंय?" मी सांगितलं. तिनं नवऱ्याच्या हातातली पेटी घेतली, घरात नेऊन ठेवली. मग तेच गृहस्थ दारोदार गेले. काही माणसं पलीकडच्या मैदानात निघून गेली, काहींनी फुलबाज्यांवर भागवलं. एकजण कुरकुरला, त्याला इतरांनीच गप्प केलं. मी परत आले तेव्हा गल्लीत लेकरं होती, दिवे होते, पण आवाज नव्हता. त्या बाईनं नंतर फराळाचं ताट पाठवलं. दीर आणि मी ते पॅसेजमध्ये बसून खाल्लं, चकली दातांनी न मोडता, तोंडात भिजवून.

हळूहळू झटके विरळ झाले. गळ्यातली नळी निघाली. तिथल्या जखमेवर पट्टी असताना आक्कानं मला खुणेनं जवळ बोलावलं. तिच्या तोंडून जे निघालं तो तिचा आवाज नव्हता, वाळलं पान घासावं तसं काहीतरी होतं.

"दूध," ती म्हणाली. "त्या दिशीचं."

ती टेम्पोत सगळं ऐकत होती. मी सांगितलं, की हॉटेलवाल्यानं दूध तापवून येणाऱ्याजाणाऱ्यांना चहात वापरलं, कॅन धुऊन ठेवल्या आणि ड्रायव्हरच्या हाती परत दिल्या. तिनं डोळे मिटले. ओठ हलले. या वेळी ती खरंच हसत होती, डोळ्यांसकट.

आम्ही परतलो तेव्हा थंडी पडली होती. आक्काला धरून चालवावं लागत होतं, पाठ लाकडासारखी. आवाज पुढंही कधी पहिल्यासारखा झाला नाही. दवाखान्यातून निघायच्या आधी मॅडमनी तिला धनुर्वाताची लस दिली, पुढचे डोस कधी ते सांगितलं. आक्का म्हणाली, "मला तर होऊन गेलंय की. आता कशाला?"

मॅडम म्हणाल्या, "गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही. याचं तसं नाही. झालेल्यालाही पुन्हा होऊ शकतो. उद्या परत पायाला काही लागलं तर?"

आक्का बराच वेळ तळपायाच्या खुणेकडं बघत बसली. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती बघितली. दुष्काळात, पुरात, त्या अंधाऱ्या खोलीतसुद्धा मला ती दिसली नव्हती. घरी आल्यावर पुष्कळ दिवस ती अंगणातसुद्धा चप्पल घालून फिरायची. शेतात जायला तयार नव्हती. रानात टाकलेला गाळ दिसला की मागं फिरायची. "ती माती मला खाणार व्हती," असं मला एकदा म्हणाली. ज्वारी त्या गाळात कमरेएवढी वाढली होती, हिरवीकंच. ती बघायला ती आली, पण बांधावरूनच परतली.

पुढच्या दसऱ्याला टोळ्या निघायच्या वेळी मी दूध मोजत होते. आक्का आली आणि म्हणाली, "सिस्टरला फोन लाव." सोसायटीच्या बायांपैकी निम्म्या अजून ऊसतोडीला जात होत्या. कोयत्याखाली राबायचं, बैलांच्या शेजारी झोपायचं, पायाला कायम काहीतरी लागलेलं. सिस्टर लसीची पेटी घेऊन आली. पाराजवळ ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉलीत भांडीकुंडी, लाकडं, कोंबड्या, बायामाणसं चढत होती. मुकादम घाई करत होता. आक्का ट्रॉलीसमोर उभी राहिली. पूर्वीची असती तर एका हाकेत ट्रॉली रिकामी केली असती. आता तिला एकेकीजवळ जावं लागत होतं आणि माणसांना ऐकण्यासाठी वाकावं लागत होतं.

एक म्हातारी उतरायला तयार होईना. म्हणाली, "माझा जल्म गेला मातीत. मला काय व्हतंय?"

आक्का तिच्या कानाशी म्हणाली, "मावशे, मी बी हेच म्हणलं व्हतं. माझा आवाज ऐक."

म्हातारीनं तिच्या गळ्यावरची खूण बघितली. मग नातवाला कडेवरून खाली ठेवून ट्रॉलीच्या कडेला धरून उतरली आणि दंडावरची चोळी वर सरकवली. तिच्यामागं बाकीच्या आल्या. शेवटी आक्काचाही एक डोस राहिला होता, तो तिनं घेतला. मुकादम घड्याळ बघत होता. थोरले दीर रांगेत सर्वांच्या मागं होते. त्यांना टोचून झाल्यावर सिस्टरनं पेटी बंद केली आणि ट्रॅक्टर सुरू झाला.